क्नोलबाईंची मुस्काट आणि चार व्हॅक्युम क्लीनर

विमानात मिळालेली वाइन पाणचट लागली, एवढं एकच वाक्य मी कुंपणापाशी उभा राहून बोललो. त्यातून एक नोंदणीकृत संस्था निघाली, व्यायामशाळेचे फ्यूज उडाले, सगळ्या गावाला जत्रेचं जेवण जत्रेच्या आधीच जेवावं लागलं, आणि उभ्या आयुष्यात मी पहिल्यांदा ओरडलो. एका वाक्यातून एवढं होऊ शकतं हे माहीत असतं तर मी हवापाण्यावर बोललो असतो. हवापाण्यावर बोलण्यात मी तसा बरा आहे.

मला वाइनमधलं फारसं कळत नाही. हे आमच्या नीडरलाउबाखमध्ये कबूल करणं अवघड आहे, कारण इथे दर दुसऱ्या घराखाली तळघर आहे आणि तळघरात पिंपं आहेत. मी उत्तरेकडचा. तालुक्याच्या ग्रंथालयात नोकरी होती म्हणून फाल्झच्या या द्राक्षमुलखात आलो, निवृत्त झालो आणि राहिलो. वीसएक वर्षं झाली, पण गावात अजून मी ‘नवीन ग्रंथपाल’ आहे. जुना कोण होता ते कुणालाच आठवत नाही.

माझी मुलगी लिस्बनला असते. माझ्या पंचाहत्तरीला तिने मला विमानाचं पुढच्या, महागड्या वर्गाचं तिकीट पाठवलं. तिथली खुर्ची आडवी होऊन तिचा पलंग होतो असं म्हणतात. कुठलं बटण दाबायचं ते कळेना आणि विचारायची लाज वाटली, म्हणून मी लिस्बनपर्यंत ताठ बसून गेलो. मग हवाई सुंदरीने एक तांबडी वाइन आणली. तिचं नाव मी आजवर फक्त पुस्तकांत वाचलं होतं. एक घोट घेतला. चांगली वाइन संपल्यावर पेला विसळून ते पाणी कुणी आणून द्यावं, तशी चव. मी आधी स्वतःवरच संशय घेतला, ती माझी सवयच आहे. जीभ म्हातारी झाली असेल, असं वाटलं. ‘‘कशी आहे?’’ तिने विचारलं. ‘‘उत्तम,’’ मी म्हणालो. तिने आनंदाने दुसरा पेला भरला. तोही संपवावा लागला.

परत आल्यावर हे मी क्नोलबाईंना सांगितलं. रोस्विथा क्नोल माझ्या शेजारी राहतात. त्यांनी अंगणातून ‘सुप्रभात’ म्हटलं की चर्चच्या पायरीवरची कबुतरं उडतात. रोज संध्याकाळी त्या कुंपणाच्या रुंद खांबावर दोन पेले ठेवतात, एक त्यांचा आणि एक माझा, आणि दोन्हींत स्वतःच्या मळ्यातली मुस्काट, म्हणजे मस्कट द्राक्षांची वाइन, ओततात. इतकी वर्षं झाली, तरी आमचं अहो-जाहो सुटलेलं नाही. त्यांच्याकडून सुटलंही असतं. माझ्यामुळे राहिलं.

या मुस्काटबद्दल सांगायला हवं. गुलाब, संत्र्याची साल, पिकलेली नाशपाती आणि न्हाव्याचं दुकान या सगळ्यांचा मिळून एक वास येतो, आणि तो पेल्याच्या आधी येऊन पोचतो. बेकर म्हणतो, ही बाटली उघडायची गरज नाही, नुसतं तिच्याजवळून गेलं तरी चढते. गावच्या चाखण्याच्या कार्यक्रमात लोक एक घोट घेतात, ‘वेगळी आहे’ म्हणतात आणि बादलीत थुंकतात. आमच्याकडे वाइनला ‘वेगळी’ म्हणणं म्हणजे मुलीला ‘मनाने चांगली आहे’ म्हणण्यासारखं आहे. द्राक्षाचा तो पट्टा क्नोलबाईंच्या वडिलांनी लावलेला. आता मळा त्यांचा भाचा फोल्कर बघतो. त्याच्या रीसलिंग या पांढऱ्या वाइनला सुवर्णपदक मिळालेलं आहे आणि ते पदक तो बोलण्यातही घालून फिरतो. या वर्षीची तोडणी झाली की मुस्काटचा पट्टा उपटायचा आणि आजकाल खपणारं काहीतरी लावायचं असं त्याने ठरवलं होतं. वेल उपटण्याचं यंत्रही सांगून ठेवलं होतं. आत्या फार बोलली तेव्हा त्याने एवढंच कबूल केलं की या वर्षात कुणी जाणकार माणसाने ही वाइन आपणहून निवडली तर पट्टा राहील. असा जाणकार अस्तित्वात नाही, याची त्याला खात्री होती.

तर त्या संध्याकाळी मी बोलत होतो. मधल्या काळात मी या विषयावर दोन पुस्तकं वाचली होती, आणि वाचलेलं पोटात ठेवणं मला जमत नाही. वर विमानात हवा वाळवंटासारखी कोरडी असते, तिने नाक सुकतं. दाब कमी. कानात अखंड घरघर. गोडवा आणि सुवास दबतात, आंबट आणि तुरट तेवढं टोचत राहतं. म्हणजे जी वाइन हळू आवाजात बोलते ती तिथे ऐकूच येत नाही. ‘‘खरं तर तुमच्यासारखी मोठ्या आवाजाची वाइनच तिथे...’’ एवढं बोलून मी थांबलो, कारण यात अपमान झाला की काय असं वाटलं.

क्नोलबाईंनी पेला खाली ठेवला. ‘‘पुढे बोला, ग्रंथपाल.’’

मी पेला रिकामा केला आणि घरी गेलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाव आणायला गेलो तर बेकरने माझा हात हातात घेतला. ‘‘विमान कंपनीत तुमची ओळख आहे म्हणे. क्नोलबाईंची वाइन वर चालली. अभिनंदन.’’ मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण मागे चार गिऱ्हाइकं उभी होती. मी पैसे दिले आणि बाहेर पडलो. न बोललेलं ‘नाही’ गावात ‘हो’ म्हणूनच धरलं जातं.

विमान कंपन्या आपल्या महागड्या वर्गासाठी दरवर्षी वाइन निवडतात आणि कुणाही मळेवाल्याला बाटल्या पाठवता येतात, हे मला शोधल्यावर कळलं. अर्ज मीच भरला, कारण गावात अर्ज हे माझ्याच खात्यात येतात. त्यात एक रकाना होता: ‘उंचीवर वाइन कशी वागते याचा अनुभव.’ मी म्हणालो, कोरा सोडू. क्नोलबाई म्हणाल्या, मी आयुष्यात कधी कोरं काही सोडलं नाही.

मग सल्ले सुरू झाले. बेकरच्या बायकोने चर्चच्या मनोऱ्यावर चढून प्यायचं सुचवलं. बेकरने स्वतःची पिठाची खोली देऊ केली, कोरडी असते म्हणून. समोर राहणारे ओट्टमार हे निवृत्त दंतवैद्य. हात रिकामे झाल्यापासून त्यांना कुणाचंही काहीही दुरुस्त करावंसं वाटतं. ते म्हणाले, ‘‘यात अवघड काय आहे? कोरडं तोंड, चोंदलेलं नाक, कानात घरघर. माझ्या दवाखान्यात लोक जन्मभर हेच सोसत आले.’’ त्यांच्या मते जागा एकच होती: व्यायामशाळेच्या तळघरातली सॉना. लाकडी खोली, खिडकी नाही, हवा कोरडी. मंद तापवायची, व्हॅक्युम क्लीनर लावायचे, झालं विमान.

नगरपालिकेने कळवलं की सॉना खाजगी व्यक्तींना देता येत नाही, नोंदणीकृत संस्थेलाच देता येते. नोंदणीला सात सभासद लागतात, आणि नियमावली. आम्ही ओट्टमारांच्या स्वयंपाकघरात बसलो. एक संध्याकाळ नावातच गेली. ‘विमानातील’ म्हणायचं की ‘विमानामधील’ यावर बेकर आणि ओट्टमार यांचं बोलणं बंद झालं. अध्यक्ष निवडताना प्रत्येकाच्या नावाला दुसऱ्या कुणाची तरी हरकत निघाली. मी काहीच बोललो नव्हतो, त्यामुळे माझ्याविरुद्ध कुणाकडे काही नव्हतं. असा मी अध्यक्ष झालो.

पण माणसं सहाच भरली: क्नोलबाई, ओट्टमार, त्यांची बायको हानेलोरे, बेकर, त्याची बायको आणि मी. तेवढ्यात दारात कुब्लर उभे राहिले. कुब्लर माझ्या दुसऱ्या बाजूला राहतात. गावाच्या शांततेच्या वेळा, म्हणजे दुपारी एक ते तीन आणि रविवारी पूर्ण दिवस, त्यांनी स्वतःच्या दारावर छापून लावल्या आहेत. व्हॅक्युम क्लीनरचं त्यांच्या कानावर आलं होतं आणि ते हरकत घ्यायला आले होते. ओट्टमार म्हणाले, हरकत फक्त सभासदालाच घेता येते. कुब्लरांनी नियमावली मागितली, उभ्यानेच वाचली, दोन स्वल्पविराम सुधारले, सही केली आणि लगेच म्हणाले, ‘‘अध्यक्ष, माझी हरकत नोंदवून घ्या.’’ अशी आमची संस्था पूर्ण झाली.

सॉना मोकळी मिळाली ती नेमकी दुपारी एक ते तीन. बाकी वेळ जिम्नॅस्टिकवाले असतात, आणि ते या वेळेत नसतात ते शांतता पाळायची म्हणूनच. सवलतीसाठी अर्ज केला. उत्तर आलं की शांततेच्या वेळेत फक्त तोडणीच्या यंत्रांना परवानगी आहे. वाइनशी संबंध आहे म्हणजे तोडणीशी आहे, असं ओट्टमारांनी लिहून दिलं. कचेरीने बराच विचार केला असावा. शेवटी शिक्का आला: ‘तोडणी यंत्रे, घरगुती, चार नग.’ कुब्लरांनी तो कागद दोनदा वाचला आणि दुखावल्यासारखा घडी करून परत दिला. कायद्याने त्यांना असं कधी सोडलं नव्हतं.

प्रयोगाच्या दिवशी आम्ही सॉनात बागेतल्या आरामखुर्च्या मांडल्या, कारण वर्ग महागडा होता. हानेलोरे गळ्यात रुमाल बांधून चहाची ढकलगाडी घेऊन आली. आधी संकटकाळी बाहेर पडण्याचे मार्ग दाखवल्याशिवाय ती कुणाला थेंब देईना. मार्ग एकच होता आणि आपण त्यातूनच आत आलो होतो, पण तिने दोन्ही हातांनी दाखवला. ओट्टमारांनी प्रत्येकाच्या गालात कापसाच्या गुंडाळ्या कोंबल्या. चार व्हॅक्युम क्लीनर सुरू झाले. मी फाउंटन पेन उघडून नोंदी घ्यायला बसलो.

बाटल्या मोज्यांत घालून झाकलेल्या होत्या. पहिल्या दोन कोमट पाण्यासारख्या लागल्या. तिसरी घेतल्यावर कुब्लरांचा चेहरा आक्रसला. ‘‘ही कुणी केली?’’ ते ओरडले. ‘‘त्याच्यावर तक्रार दाखल करायला पाहिजे.’’ मोजा काढला. फोल्करची सुवर्णपदकवाली रीसलिंग होती. मग चौथी आली. एरवी बँड लावून घरात शिरणारी ती वाइन त्या घरघरीत दार वाजवून आत आली आणि शहाण्यासारखी खुर्चीवर बसली. गुलाब होता, पण बागेतला. संत्रं होतं, पण कुणीतरी शेजारच्या खोलीत सोलत असल्यासारखं. कुब्लरांनी पेला पुढे केला.

इथे थांबलो असतो तर सगळं नीट झालं असतं. पण हवा आणखी कोरडी हवी म्हणून बेकरने घरून आणलेला विजेचा हीटर लावला. फ्यूज उडाला. मिट्ट काळोख झाला, चारही यंत्रं एकदम गप्प झाली, आणि त्या शांततेत क्नोलबाईंचा आवाज तेवढा शिल्लक राहिला. त्या हानेलोरेच्या कानात घरघरीच्या वरताण ओरडत होत्या, ‘‘...तो तर नुसता शिष्टाचार म्हणून पितो गं माझी वाइन. मला काय कळत नाही?’’

तो म्हणजे मी. हे सगळ्यांना कळलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. अंधार होता, तोसुद्धा उपयोगी पडला असता. पण गालात कापूस होता, असं मी स्वतःला नंतर सांगितलं.

फ्यूज सगळ्या इमारतीचा उडाला होता. वर जत्रेसाठी करून ठेवलेल्या सावमागनने, म्हणजे डुकराच्या पोटात भरलेल्या मांस-बटाट्याच्या सारणाने, अख्खं शीतकपाट भरलं होतं. ते सकाळपर्यंत वितळलं. वितळलेलं पुन्हा गोठवू नये असा नियम आहे, आणि जत्रा समितीत तीन जण कुब्लरांच्या स्वभावाचे आहेत. दुसऱ्या दिवशी लांब टेबलं मांडून सगळं गाव जेवलं. बटाटे सोलायचं काम संस्थेकडे आलं. फोल्कर दोनदा वाढून घेताना म्हणाला, ‘‘काय अध्यक्ष, विमान उतरलं का?’’ त्याने स्वतःची रीसलिंगही त्याच कंपनीकडे पाठवली होती. निकाल लागला की यंत्र येणार, असं त्याने सगळ्यांदेखत सांगितलं.

दोघांनाही पुढच्या फेरीचं बोलावणं आलं. फ्रँकफर्टजवळ एका मोठ्या शेडमध्ये जुन्या विमानाचा पुढचा तुकडा कापून ठेवला आहे. दार बंद करून त्यातली हवा विरळ करतात, घरघर सोडतात, आणि परीक्षक वर असल्यासारखे बसून वाइन चाखतात. मळ्यातर्फे कुणीतरी दोन शब्द बोलायचे. क्नोलबाईंना हे उपजतच जमलं असतं. पण आकाशातल्या घरघरीवर मात करायची म्हणून त्या घरी रोज व्हॅक्युम क्लीनर लावून भाषणाचा सराव करत होत्या, आणि फेरीच्या आदल्या दिवशी त्यांचा आवाज गेला. अगदी गेला. डॉक्टरांनी आठवडाभर बोलायची बंदी घातली. गावात इतकी शांतता पसरली की कुब्लर चौकशीला आले.

भाषण माझ्यावर आलं. मी ते सात वेळा लिहिलं. त्यात हवेच्या दाबाबद्दल होतं, मुस्काटच्या वेलाच्या इतिहासाबद्दल होतं, आणि एकही वाक्य मी मनातून लिहिलेलं नव्हतं. कागदाची घडी शर्टाच्या खिशात ठेवली आणि शेजारी फाउंटन पेन लावलं, कारण पेनाशिवाय अध्यक्ष बरा दिसत नाही.

त्या विमानाच्या तुकड्यात तीन परीक्षक होते, दोन पुरुष आणि मधे एक बाई. क्नोलबाई माझ्या शेजारी, गळ्याला लोकरीचा पट्टा गुंडाळून. दार बंद झालं. घरघर वाढली, कानांत टक् झालं. छातीशी काहीतरी गरम, ओलं वाटायला लागलं. मला वाटलं, भावना दाटून आल्या. खाली पाहिलं तर शाई होती. विरळ हवेत पेनाने आपलं सगळं पोट रिकामं केलं होतं. पांढऱ्या शर्टावर निळा समुद्र पसरला होता आणि खिशातला कागद त्यात बुडाला होता. जन्मभर पुस्तकांत राहूनही वर जाताना पेन रिकामं करावं हे मला कळलं नव्हतं. क्नोलबाईंनी ते पाहिलं, तोंड उघडलं. नुसती हवा आली.

मी काहीतरी पुटपुटलो. ‘‘ऐकू येत नाही,’’ परीक्षक बाई म्हणाल्या. मी पुन्हा पुटपुटलो. ‘‘मोठ्याने बोला हो आजोबा, इथे इंजिन चालू आहे.’’

आयुष्यभर मी लोकांना ‘हळू बोला’ म्हणत आलो. त्या सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागितली, श्वास घेतला आणि ओरडलो.

‘‘ही वाइन मी रोज संध्याकाळी पितो. शिष्टाचार म्हणून नाही. मला आवडते म्हणून पितो. गाव हसतं तिला, कारण तिला हळू बोलता येत नाही. मला मोठ्याने बोलता येत नाही, म्हणून मला ती बरी वाटते. तो वेल उपटला तर माझी संध्याकाळ उपटली जाईल. आणि वाइन चांगली आहेच, पण ती करणारी बाई वाइनहून चांगली आहे. बास.’’

खाली बसलो. परीक्षक बाई माझ्या शर्टाकडे बघत होत्या. उजवीकडचे टकले गृहस्थ तोवर सगळ्यांच्या वाइन बादलीत थुंकत आले होते. त्यांनी मुस्काट गिळली आणि बाटली आपल्या बाजूला ओढून घेतली.

निकाल तीन आठवड्यांनी आला. हिवाळाभर, एका लांब पल्ल्याच्या विमानात, पहिल्या वर्गात जेवणानंतर निळ्या चीजबरोबर क्नोलबाईंची मुस्काट देणार. त्या वर्गात खुर्च्या मोजक्याच असतात, म्हणून असलेल्या बाटल्या पुरल्या. फोल्करच्या रीसलिंगला उत्तर आलं: ‘जमिनीवर उत्कृष्ट.’ तो दोन दिवस मळ्यातून बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी यंत्रवाल्याला नको म्हणायला गेला, तर यंत्रवाला ऐकेना, सांगितलेलं काम सांगितलेलं. मग फोल्करने त्याच यंत्राकडून शेजारची पडीक जमीन उकरून घेतली आणि तिथे लावायला आत्याकडे मुस्काटच्या काड्या मागितल्या. आत्यांचा आवाज परत आला होता. त्यांनी काड्या दिल्या, पण आधी बोलून घेतलं. ते सगळ्या गावाने आपापल्या घरी बसून ऐकलं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी क्नोलबाई कुंपणापाशी आल्या. पेले भरले. ऊन पडलं होतं, गावात चिटपाखरू नव्हतं. त्या चक्क हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘एक विचारायचं होतं. त्या विमानाच्या डब्यात तुम्ही काय ओरडलात? घशामुळे माझे दोन्ही कान बसले होते. तुमचं तोंड हलताना दिसलं, आणि शेवटी ती परीक्षक बाई माझ्याकडे बघून हसली. वाइनबद्दलच होतं ना?’’

‘‘बरंचसं,’’ मी म्हणालो.

‘‘आणि उरलेलं?’’

मी कुंपणाकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं. हवापाण्याबद्दल काहीतरी बोलायचं मनात आलं होतं. मग ‘आलोच’ म्हणून घरात गेलो, व्हॅक्युम क्लीनर आणला, लांब वायर ओढत कुंपणापर्यंत नेला आणि चालू केला. रविवारी दुपारी. पलीकडच्या ओसरीवर कुब्लर ताडकन उभे राहिले. त्यांनी घड्याळ पाहिलं, दारावरचा तक्ता पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मग आत गेले आणि खिडकी लावून घेतली.

मी बोललो. त्या डब्यातलं शेवटचं वाक्य, जसंच्या तसं.

क्नोलबाईंनी कानाला हात लावला. मी पुन्हा बोललो. त्यांनी मान हलवली, वाकल्या, आणि वायरचा जोड ओढून तोडला. घरघर थांबली.

‘‘आता सांग,’’ त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. अगदी हळू, ग्रंथालयात बोलावं तसं. कुब्लरांची खिडकी मात्र नीट लागलेली नसावी. सोमवारी सकाळी पाव आणायला गेलो तर बेकरने माझा हात हातात घेतला आणि अभिनंदन केलं. मागे चार गिऱ्हाइकं उभी होती.

‘‘हो,’’ मी म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.